विद्यापीठ रविवारी आलं

माणसाला शेजाऱ्याचा हेवा वाटतो, भावाचा वाटतो, चुलतभावाचा तर वाटतोच वाटतो. मला माझ्या बायकोचा वाटला. चांगला दीड वर्ष वाटला. आता ऐंशी ओलांडली, लपवून करू काय? थोडा अजूनही वाटतो.

आमचं गाव चाकणच्या अलीकडं, हमरस्त्यापासून पायी वीस मिनिटं आत. बासष्टच्या सुमाराला चिंचवडकडं कारखाने उभे राहायला लागले तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं होतं. शाळा दुसरीपर्यंत. सही करतो, एस.टी.ची पाटी वाचतो, त्याच्यापुढं कधी अडलं नाही. कंपनीत लागलो तो झाडू मारायला. चार वर्षांनी हातात पाना आला, सातव्या वर्षी फिटरचं कार्ड मिळालं. शिकून आलेली पोरं कागद पसरून, पट्टी लावून जे बसवायची ते मी अंगठा फिरवून बसवायचो. अंगठ्याला कळतं. कागदाला कळायला वेळ लागतो.

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या पुढच्या साली सरकारनं गावात बोअर मारलं आणि हापसा बसवला. त्याआधी विहीर आटली की बाया भामा नदीवर जायच्या, येताना घागरी डोक्यावर आणि चढ पायाखाली. हापसा आला आणि गावाला सुख झालं. पण सरकारी वस्तू. बिघडली की तालुक्याला कळवायचं आणि जीपची वाट बघायची. एकदा दीड महिना बघितली. मग मीच म्हटलं, जीप कशाला, मी आहे ना.

तेव्हापासून हापसा माझा झाला. कागदोपत्री नव्हे, पण गावात कुणाला विचारा.

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. वीज सगळ्यांना एकदम पुरायची नाही म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वाटून दिल्या होत्या; आमच्या भागाला गुरुवार आलेला. त्यामुळं हापसा शुक्रवारी बंद पडला तरी गाव गुरुवारपर्यंत थांबायचं. बाया पुन्हा नदीला जायच्या. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट गुरुवारी सकाळी मी पान्यांची पिशवी घेऊन देवळामागं निघालो की घागरी रांगेत आधीच लागलेल्या असायच्या. ते बघून छाती भरून यायची.

काम काय असायचं ते सांगतो. जमिनीत दहा-दहा फुटांचे पाइप एकाला एक जोडलेले, तळाशी पितळी नळकांडं, आणि त्या नळकांड्यात वर-खाली होणारा चामड्याचा वायसर. वायसर झिजला की पाणी वर चढत नाही. तो बदलायचा तर सगळे पाइप एकेक करून वर काढायचे. चार जण ओढायला, एक जण आटे सोडवायला, आणि एक जण क्लॅम्प धरायला. क्लॅम्प म्हणजे पाइपाला आवळून धरणारा लोखंडी जबडा. वरचा पाइप सोडवताना खालच्या सगळ्या माळेचं वजन त्याच्यावर. तो सुटला तर पाइपांची माळ बोअरच्या पोटात गेली म्हणून समजा. क्लॅम्प मी कुणाच्या हातात देत नसे. तो आमच्या घरचीला द्यायचो. तिचे हात पक्के. तरी मी ओरडायचोच, "धर नीट! लक्ष कुठं आहे?" आणि सगळं जागेवर बसलं की शेवटचं एक काम राहायचं. त्या वेळी मी तिला म्हणायचो, "जा, चहा टाक." ते काम मी एकट्यानं करायचो. ते पुढं येईलच.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एक दिवस कंपनीत मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, विद्यापीठ, आपली कंपनी आणि ग्रामपंचायत अशा तिघांनी मिळून खेड्यातल्या पिण्याच्या पाण्याचं काम हाती घ्यायचं ठरलंय. विद्यापीठानं डोकं चालवायचं, कंपनीनं सामान करून द्यायचं, गावानं सांभाळायचं. "हापसे बसतात खूप, टिकत नाहीत. ते टिकवायचेत. पहिलं गाव तुमचं."

मी म्हटलं, "साहेब, आमच्या गावचा हापसा म्हणजे मीच."

"मग उत्तमच. येत्या रविवारी ते लोक येतायत. तुमची सुट्टी बदलून देतो, गावात थांबा."

इथं मी जे बोललो त्याचं मला आजही नवल वाटतं. मी म्हटलं, "त्यांना गुरुवारी या म्हणावं. मी गुरुवारी मोकळा असतो."

साहेब हसले. "अहो, पोरांना गुरुवारी तास असतात. विद्यापीठ काय तुमच्या सुट्टीनं चालतं?"

"विद्यापीठ नसंल, हापसा चालतो," मी म्हटलं आणि बाहेर आलो.

माझ्या मनात असं, की मी नाही म्हटल्यावर येऊन ते करतील काय? गावात त्यांना काय दिसणार? बायका आणि घागरी. दोन दिवसांनी आपसूक निरोप येईल, गुरुवारी येतो म्हणून. मी सदरा धुऊन ठेवला होता. गावातल्या चार जणांना सांगूनही बसलो होतो की विद्यापीठ आपल्याकडं शिकायला येतंय.

शनिवारी दुपारी हापसा बंद पडला. रविवारी मला पहिली शिफ्ट. पहाटे सायकल काढताना घरची म्हणाली, "हापशाचं काय?"

"गुरुवारी बघू."

"आन् ती मान्सं आली तर?"

"गुरुवारी या म्हणावं."

चार वाजता परत आलो तर हमरस्त्याच्या फाट्यापासूनच लोक सांगायला लागले. पानाच्या टपरीवाला म्हणाला, "फिटर, तुमची मंडळी आज लई गाजली राव!" देवळाजवळ येईपर्यंत मला सगळी हकिगत चार तोंडांतून चार वेळा कळली होती. सकाळी हिनं सहा-सात बाया गोळा केल्या, कासोटे घातले, आणि पाइप उपसायला काढले. हिच्याहून थोराड एक जाऊबाई होती, तिच्या हातात क्लॅम्प दिला. स्वतः माझा बावीस नंबरचा पाना घेतला. निम्मे पाइप वर आले असतील नसतील, तेवढ्यात विद्यापीठाची गाडी येऊन उभी राहिली. एक सर, आणि सात-आठ पोरंपोरी. ते म्हणे गाडीतून उतरले आणि अर्धा तास तसेच बघत राहिले. पाणी आलं तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या.

घरी गेलो. ही भाकरी थापत होती. नखांत काळं ग्रीस.

"कुणी सांगितलं हात लावायला?"

"पानी नव्हतं."

"मी गुरुवारी करणार होतो ना?"

"गुरुवारपातुर घागरीत वाळू भरू व्हय?"

"माझा पाना घेतलास."

"पुसून जाग्यावर ठिवलाय. बगा."

बघितला. खरंच पुसलेला होता. मी पुसायचो त्याच्याहून चांगला. त्याचाच जास्त राग आला.

सरांनी त्याच दिवशी कागदावर नाव लिहून नेलं होतं. देखभाल करणार कोण, तर ही. माहेरी तिची चौथी झालेली, मराठी चांगलं वाचायची. तिला एक वही दिली. हापसा कधी बिघडला, कोणता भाग गेला, किती दिवस चालला, ते तिनं लिहायचं. इतकी वर्षं हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि कुणाला त्याची वही करावीशी वाटली नव्हती.

पुढं तिला आठ दिवस विद्यापीठात शिकायला बोलावलं. मी म्हटलं, जमायचं नाही, घरी कोण बघणार? ती म्हणाली, "जावेला सांगून ठिवलंय." आणि गेली. कंपनीत माझ्या शेजारच्या लेथवर लातूरकडचा एक मुसलमान टर्नर होता, माझा जिवाभावाचा माणूस, पण जिभेला हाड नाही. सकाळी कार्ड पंच करतानाच म्हणाला, "क्या उस्ताद, भाभी कालेज कू गई बोलते? तुम कब ॲडमिशन लेते?" सगळं खातं हसलं. डबा उघडला तर भावजयीच्या हातचं कालवण. अळणी. मी तसाच डबा बंद केला.

आठ दिवसांनी ती आली ती हिरव्या रंगाची लोखंडी पेटी घेऊन. आत नवे कोरे पाने, रेंच, तेलाची बुदली. आल्यावर दोन दिवस ती विद्यापीठाबद्दल बोलत होती. तिथली झाडं कशी, जेवणाची सोय कशी, एका पोरीनं तिला सायकल कशी शिकवायला घेतली. मी "हं" म्हणत होतो. इतक्या वर्षांत मी कंपनीतून येऊन बोलायचो आणि ती "हं" म्हणायची. उलट बाजूनं ते कसं लागतं हे तेव्हा कळलं.

गंमत अशी की त्या हापशाचं नवीन सामान आमच्याच खात्यात व्हायचं. विद्यापीठानं चामड्याऐवजी रबराचा वायसर काढला होता. नळकांडं माझा टर्नर दोस्त कातायचा, जुळणी मी करायचो. म्हणजे मी इथं बसवायचं आणि तिनं तिथं उघडायचं. रविवारी गावात सर यायचे, पोरं "ताई, ताई" करत तिच्यामागं फिरायची, आणि मी चिंचवडला नट आवळत असायचो. एकदा पंचायतीत बैठक झाली, ती मात्र गुरुवारी होती म्हणून मी गेलो. तिला खुर्ची दिली होती. मी भिंतीला टेकून उभा. सरपंच तिला विचारून बोलत होता. मी दोन वेळा घसा खाकरला. कुणी वळून बघितलं नाही.

त्या काळात मी एक हलकं काम केलं. माझा बावीस नंबरचा पाना डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत घेऊन गेलो. म्हटलं, बघू आता कशी उघडते. संध्याकाळी येऊन बघतो तर हापसा उघडून, दुरुस्त होऊन चालू. तिच्या हिरव्या पेटीत बावीस नंबर होताच. माझा पाना कुठं गेला हे तिनं विचारलंही नाही.

पण मग एक गोष्ट व्हायला लागली. नवा वायसर वर्ष टिकेल असं सर म्हणाले होते. तो अडीच महिन्यांत गेला. दुसरा घातला, तोही तसाच गेला. तिसऱ्यालाही तेच. विद्यापीठात यंत्रावर लावला तर तोच वायसर झिजायचं नाव घेत नव्हता. सर डोकं धरून बसले.

मला कारण माहीत होतं.

हापशाचा दांडा होता उंच. आमच्या बाया बुटक्या, त्यात पोरीसोरी. पूर्ण दांडा वरपासून खालपर्यंत मारायचा तर टाचा उचलाव्या लागतात. घाईत कोण उचलतंय? त्या आपल्या अर्धाच दांडा, भराभर हापसायच्या. त्यामुळं तळाच्या नळकांड्यात वायसर मधल्या चार बोटांतच घासायचा, रोज तिथंच. तिथं पितळ झिजून खोलगट व्हायचं आणि मग कोणताही वायसर घाला, तो जायचाच. मी हे पहिल्या वर्षीच ओळखलं होतं. म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी, दांडा आणि वायसरची सळई जोडणाऱ्या वरच्या साखळीचा नट मी थोडा फिरवायचो. आतली सळई बोटभर वर यायची, वायसर नव्या जागी घासायचा. पुढच्या वेळी आणखी बोटभर. मग परत खाली. एवढंच काम. त्यासाठीच मी हिला चहा टाकायला पाठवायचो. कुणाला शिकवलं नव्हतं. माझ्या हापशाचे वायसर सहा-सहा महिने टिकायचे आणि लोक म्हणायचे, फिटरच्या हाताला गुण आहे. ते ऐकायला बरं वाटायचं.

एक दिवस ती झिजलेला वायसर घेऊन उंबऱ्यावर बसली होती. उजेडात धरून फिरवून फिरवून बघत होती. मला म्हणाली, "तुमी करत हुता तवा सा-सा म्हयने चालायचा. काय करत हुता तुमी?"

"काय नाही. हात लागतो."

"हात तर माजाबी त्योच हाय. तुमच्याच हाताखाली शिकलेला."

मी चपला घालून बाहेर पडलो.

पुढच्या रविवारी सर येऊन गेले. ते भले माणूस, पण त्यांनाही कुठं तरी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी तिला सांगितलं, ताई, महिनाभरात बैठक आहे. असंच चाललं तर हे गाव सोडून दुसरं घ्यावं लागेल, आणि सामान चांगलं होतं पण देखभाल कमी पडली असं लिहावं लागेल. हे तिनं मला जेवताना सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "लिवत्याल तर लिवत्याल." तिचं ताट तसंच होतं.

मला वाटलं होतं आनंद होईल. झालाही थोडा. खोटं कशाला बोलू? पण दुसरी भाकरी मी मागितली नाही.

चार-पाच दिवसांनी शिफ्ट करून येत होतो. हापशापाशी बाया जमल्या होत्या, पाणी येत नव्हतं. ज्या जाऊबाईनं पहिल्या दिवशी क्लॅम्प धरला होता तीच म्हणत होती, "न्हाई जमत तर सोड की बाई. कारभाऱ्यांना दे. त्ये करत हुते त्येच बरं हुतं."

दीड वर्ष मी ह्या वाक्याची वाट बघत होतो. सायकल थांबवून उभा राहिलो. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. आणखी कुणी म्हणावं असं वाटत होतं.

हिनं मला बघितलं. पेटी उचलली, सरळ माझ्यापर्यंत आली आणि सायकलच्या पुढच्या चाकाशी ठेवली. "घ्या," म्हणाली. "तुमचाच हापसा हाय. घ्या."

रागानं म्हणाली असती तर मी घेतली असती. ती थकलेली होती. पेटीच्या कडीवर तिच्या हाताचा ओलावा होता. मला वाकता येईना. सगळ्या बाया बघत होत्या.

"रविवारी बघू," मी म्हटलं.

"रविवारी?" जाऊबाई म्हणाली. "तुमाला सुट्टी गुरुवारची न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरकडं गेलो. तो चष्म्यावरून बघत राहिला. "इतक्या वर्षांत सुट्टी बदलून मागितली नाहीत तुम्ही. लग्नालासुद्धा गुरुवारचा मुहूर्त काढला होता म्हणतात. काय झालं?" मी म्हटलं, विद्यापीठात काम आहे. टर्नर मागून ओरडला, "हो गया ॲडमिशन!"

रविवारी सर आले. मी सदरा घालून उभा होतो, तोच, दीड वर्षापूर्वी धुतलेला. त्यांनी नमस्कार केला, "आपण?"

काय सांगावं? फिटर? हापशाचा मूळ मालक? तोंडातून निघालं, "मी ह्यांचा नवरा."

पाइप उपसले. नळकांडं उघडून मी सरांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "डोळ्यांनी नको, अंगठ्यानं बघा." त्यांनी अंगठा आत फिरवला. मधल्या चार बोटांपाशी तो थांबला. मग मी एका पोरीला दांडा मारायला सांगितला, आणि त्यांना म्हटलं, बघा किती वर-खाली होतो ते. "तुमच्या यंत्राला घाई नसते, सर. हिच्या घरी चूल पेटलेली असते."

मग साखळीचा नट मी कसा फिरवायचो ते सरांनी दोनदा करून घेतलं, एकदा माझ्याकडून आणि एकदा हिच्याकडून. पोरांनी चित्र काढून घेतलं. पुढं ज्या गावांना त्यांनी हापसे दिले त्यांचा दांडा खाली घेतलेला होता आणि नटाला खुणा केलेल्या होत्या, हे मी नंतर स्वतः जाऊन बघितलं. तिथं माझं नाव कुठं नाही. हिचंही नाही. असू दे. नाही, असू दे कसं? असायला पाहिजे होतं.

पण ते पुढचं. त्या दिवशी सरांनी मला विचारलं, "हे तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं. मग आधी का सांगितलं नाहीत?"

पोरं लिहायची थांबली. ही माझ्याकडं बघत होती. माझ्या चहा टाक, चहा टाकचा सगळा हिशोब तिच्या तोंडावर दिसत होता. इतक्या वर्षांचे चहा. मी खाली बघितलं. आता ती बोलेल, आणि बोलावंच तिनं, असं मला वाटलं.

ती सरांना म्हणाली, "रयवारी त्ये डूटीवर असत्यात. भेट झाली न्हाई तुमची."

मग पदर खोचला आणि कामाला लागली. नवं नळकांडं लावून पाइप परत सोडायचे होते. ओढणारे चार जण उभे राहिले. मी सवयीनं पान्याकडं हात नेला, तर तो तिच्या हातात होता. पेटीतला नाही, माझा जुना, बावीस नंबरचा. कंपनीतून आणून मी कधीच गुपचूप जागेवर ठेवला होता. क्लॅम्प बोअरपाशी तसाच पडलेला, आणि तिथं कुणीच नव्हतं.

मी गुडघे टेकले आणि क्लॅम्प धरला. पहिला पाइप उतरला, दुसरा जोडला, वजन हातात यायला लागलं. किती वजन असतं ते इतकी वर्षं मी दुसऱ्या बाजूनं ओरडूनच पाहिलं होतं.

"धरा नीट," ती म्हणाली. "लक्ष कुटं हाय?"

मी धरला.